हिट पॉइंट ते मेणबत्ती : टेबलावरच्या भीतीची पार्श्वभूमी

आमचा संभाजीनगरचा ग्रुप टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळतो, म्हणजे एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्यातली पात्रं होऊन खेळतात. दिवाळीची सुट्टी आली की कुणीतरी विचारतंच, हॉरर सेशन चालवायचंय, भूत कोणतं घेऊ, त्याला हिट पॉइंट, म्हणजे जिवाचा आकडा, किती देऊ. मला तिथंच त्याला थांबवावंसं वाटतं. ज्या लोकांनी या खेळात खरंच भीती आणली ते भुताच्या मागं फारसे लागलेच नाहीत, त्यांनी एवढंच बघितलं की खेळणाऱ्याच्या हातातलं काय काढून घेतलं म्हणजे त्याचा जीव खालीवर होईल, आणि ते काढून घ्यायच्या गोष्टी कशा बदलत गेल्या हाच या सगळ्याचा इतिहास आहे.

सुरुवात १९७४ ची. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढलं. त्यात व्हॅम्पायर, ममी, मढी खाणारे घूल सगळे पहिल्यापासून होते, पण होते ते मारायला. त्याच्याकडं आकडा, तुमच्याकडं आकडा, त्याचा आधी संपला की तो मेला आणि तुम्ही सोनं घेऊन घरी. त्यात कुणी कशाला घाबरेल. मग १९७५ मध्ये गायगॅक्सनं ओरिजिन्स नावाच्या मेळाव्यात टूम ऑफ हॉरर्स नावाचं याच खेळातलं एक साहस चालवलं, १९७८ ला ते छापून आलं, आणि त्यात राक्षस मोजके, सापळेच सापळे. लई मोठी कॅरेक्टर घेऊन बसलेली माणसं एक दार चुकीचं उघडलं म्हणून खलास. म्हणजे पहिल्यांदा काढून घेतला तो खेळणाऱ्याचा भरवसा, की आपण ताकदीचे आहोत म्हणजे निभावून नेऊ.

हे आपल्याकडच्या माणसाला समजवायला दौलताबादची अंधारी पुरते. मी शाळेच्या सहलीत पहिल्यांदा गेलो तेव्हा गाइड मशाल घेऊन पुढं, आम्ही चाळीस पोरं मागं, पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक उंच तर एक बुटकी, पाय टाकताना अंदाजच लागत नाही, वरून वटवाघळांचा तो उग्र वास. एका वळणावर गाइडनं मशाल पाठीमागं लपवली आणि म्हणला, आता बोलू नका. मग सांगितलं की आत घुसलेल्या शत्रूला एकीकडून उजेड दिसायचा, तो जीव घेऊन उजेडाकडं पळायचा, आणि पलीकडं थेट खाली खंदक. अंधाराची भीती तर वाटलीच, पण उजेडाचीही वाटायला लागली. पुढं कित्येक वर्षांनी गेम चालवायला लागलो तेव्हा हेच कामी आलं, प्लेयरला सुटकेची जागा दाखवायची आणि तिथंच त्याचा पाय अडखळवायचा.

१९८३ ला ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवरा-बायकोनं डन्जन्स अँड ड्रॅगन्ससाठीच रेव्हनलॉफ्ट नावाचं साहस आणलं. त्यांचं म्हणणं असं की व्हॅम्पायर म्हणजे खोलीत उभा असलेला अजून एक राक्षस नसावा, त्याला स्वतःची गोष्ट पाहिजे, दुःख पाहिजे. म्हणून स्ट्राड नावाचा सरदार, त्याचा वाडा, गावाभोवती धुकं, आणि गावात पत्ते बघून भविष्य सांगणारी बाई. ती पत्ते मांडते तेव्हा खरोखरच ठरतं की कामाच्या वस्तू कुठं सापडतील आणि स्ट्राड काय ठरवून बसलाय, त्यामुळं तोच खेळ दुसऱ्यांदा खेळला तरी वेगळा होतो. धुकं गावाबाहेर जाऊ देत नाही, म्हणजे इथं काढून घेतली ती परत फिरायची सोय. आपल्याकडं चकव्याच्या गोष्टीत माणूस रात्रभर चालतो आन् सकाळी त्याच बाभळीखाली उभा असतो, ते ज्यानं ऐकलंय त्याला हे धुकं वेगळं समजवावं लागत नाही.

पण माझ्या मते खरा कायापालट त्याच्या दोन वर्षं आधीच झाला होता, १९८१ ला. केऑसियम कंपनीचं कॉल ऑफ कथुलू, लिहिणारा सँडी पीटरसन, आधार भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टच्या कथांचा. यात तलवारवाले वीर नाहीत, साधे प्रोफेसर, पत्रकार, ग्रंथपाल, आणि जिवाच्या आकड्याबरोबर अजून एक आकडा, सॅनिटी, म्हणजे मनाचा तोल. भयंकर काही दिसलं की शंभराच्या डाइसवर, म्हणजे फाशांवर, रोल करायचा, सुटलात तर थोडं जातं, अडकलात तर जास्त, आणि एका झटक्यात पाच किंवा जास्त गेले तर डोकं काही काळ ठिकाणावर राहील का नाही तेच सांगता येत नाही. यातली सगळ्यात भारी गोष्ट मला ही वाटते, त्या अघोरी शक्तींचं ज्ञान हेसुद्धा एक स्किल आहे आणि ते जेवढं वाढेल तेवढी सॅनिटीची वरची मर्यादा कायमची खाली येते, नव्व्याण्णवातून ते वजाच. म्हणजे वाचल्याशिवाय कोडं सुटत नाही आणि वाचलं की माणूस खचतो. बाकी खेळांत माहिती मिळाली की ताकद वाढते, इथं माहितीचीच किंमत मोजायची.

आम्ही हे पहिल्यांदा खेळलो तेव्हा डाइस नव्हते, स्टीलच्या वाटीत शून्य ते नऊ लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या टाकल्या, एक काढायची, दशक धरायचं, परत टाकायची, दुसरी काढायची, एकक. डाइसपेक्षा हळू होतं ते, पण त्या हळूपणानंच मजा आणली, दशकाची चिठ्ठी आठ निघाली की दुसरी उघडेपर्यंत टेबलावर कुणी श्वास घेत नव्हतं. माझ्या आजीचं एक होतं, ‘रातच्याला कुणी नाव घेऊन हाक मारली तर तिसऱ्या हाकेबिगर ओ देऊ नको.’ मी तेच आणलं. वाड्याच्या बाहेरून हाक आली, एकदा, मग दुसऱ्यांदा, आणि तिसरी दिलीच नाही. दाराबाहेर काय आहे ते मी शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि चौघांपैकी एकानंही कडी काढली नाही.

१९९१ च्या व्हॅम्पायर द मास्करेडनं प्लेयरलाच राक्षस केलं, त्याची माणुसकी घसरत जाणं हाच त्यात खेळ, त्याचा पसारा फार मोठा आहे म्हणून पुढं जातो. २००८ ला केनेथ हाईटचं ट्रेल ऑफ कथुलू आलं, त्यात रॉबिन लॉजच्या गमशू नावाच्या नियमांनी रोज नडणारी एक अडचण सोडवली. रोल फसला, पुरावा सापडला नाही आणि गोष्ट तिथंच बसली, हे आमचंही कितीदा झालंय. त्यात म्हणलंय, योग्य जागी योग्य माणूस शोधतोय ना, मग पुरावा सापडणारच, प्रश्न एवढाच की त्यातून तुम्ही काय समजून घेता.

त्याच्या थोडं आधी, २००५ ला, ड्रेड आलं. डाइसच नाहीत. टेबलावर जेंगाच्या चोपन्न लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, काही धोक्याचं करायचं तर एक ठोकळा ओढून वर ठेवा, मनोरा पडला की तुमचं पात्र गोष्टीतून गेलं. आकडा कागदावर असतो, पण हा मनोरा डोळ्यासमोर हलतो, हात खरा थरथरतो, फॅन बंद करावा लागतो.

भीती अशी जवळ येत गेली तशी थांबायची सोयही लागली. रॉन एडवर्ड्सनं २००३ ला लाइन्स आणि व्हेल्स मांडलं, काय अजिबात नको आणि काय पडद्याआड चालेल ते आधीच बोलून घ्यायचं. नंतर जॉन स्टाव्हरोपुलोसचं एक्स कार्ड आलं, बोट ठेवलं की कारण न विचारता सीन बंद. मला हे आधी उगीच वाटायचं. मग एकदा मी माळवदाचं घर रात्री कोसळतं, माणसं दगड-मातीखाली, असा सीन लावला आणि औसा तालुक्यातला आमचा एक जण उठून गच्चीत गेला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर किल्लारी हादरली त्यात त्याच्या घरचे गेलेले. लातूर-धाराशिवकडं हे अजून घराघरात आहे आणि मी इथलाच असून मला ते सुचलं नाही. तेव्हापासून सेशनच्या आधी मी प्रत्येकाला वेगवेगळं विचारतो.

२०१५ ला स्टीफन ड्यूईचं टेन कँडल्स आलं. अंधारात दहा छोट्या मेणबत्त्या, एक विझली की तो सीन संपला, आणि शेवटी कुणीही वाचत नाही हे सुरुवातीलाच सांगितलेलं. खेळ सुरू व्हायच्या आधी प्रत्येकानं आपल्या पात्राचा शेवटचा निरोप रेकॉर्ड करायचा, दहावी विझल्यावर अंधारात तो लावायचा. जगण्याची आशाच काढून घेतल्यावर माणसं एकमेकांशी किती मायेनं वागतात ते मी त्या टेबलावर पाहिलं.

आम्ही ते मुद्दाम लोडशेडिंगच्या वेळेत लावलं होतं. तीन मेणबत्त्या उरल्या असताना लाईट आली. एरवी ‘आली आली’ म्हणून गल्लीभर ओरड होते, ती बाहेर झालीच, पण आत कुणी काही बोललं नाही, दाराजवळ बसलेला उठला, ट्यूबचं बटण बंद केलं आणि परत येऊन बसला.