इंदूरचा बर्गर आणि ‘हॉट डॉग’ या नावाचा गुंता : पार्श्वभूमी

इंदुरात चांगला बर्गर कुठे मिळतो, असे बाहेरगावच्या पाहुण्याने विचारले, की रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या मराठी घरात बहुधा दोन उत्तरे मिळतात. तरुण मंडळी विजयनगर आणि पलासिया भागांतल्या नव्या दुकानांची नावे घेतात; ज्येष्ठ मंडळी मात्र ‘छप्पनला जाऊन हॉट डॉग खा’ असे सांगतात. पाहुण्याला हे दुसरे उत्तर प्रश्न सोडून दिल्यासारखे वाटते. वास्तविक तेच अधिक नेमके आहे, आणि ते का, हे कळण्यासाठी या पदार्थाच्या नावाचा इतिहास पाहावा लागतो.

‘छप्पन’, म्हणजे इंदूरच्या छप्पन दुकानांच्या खाऊच्या रांगेत, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जो हॉट डॉग विकला जातो, त्यात लांबट पाव नाही आणि सॉसेजही नाही. तळहातात मावेल एवढा गोल बन आडवा कापायचा, त्याच्या दोन्ही आतल्या बाजू तुपावर किंवा लोण्यावर तव्यावर खरपूस भाजायच्या, मध्ये मटणाची किंवा बटाट्याची टिक्की ठेवायची, वर चिरलेला कांदा आणि तिखट चटणी घालायची आणि कागदावर ठेवून गरम गरम हातात द्यायचे, एवढाच हा पदार्थ आहे. टिक्कीच्या जागी अंडे आले, की त्याला ‘बेंजो’ म्हणतात. जगात इतरत्र कुठेही हे तिन्ही प्रकार समोर ठेवले, तर पाहणारा त्यांना बर्गरच म्हणेल.

‘हॅम्बर्गर’ या शब्दाचा हॅमशी, म्हणजे डुकराच्या मांसाशी, संबंध नाही. तो जर्मनीतील हॅम्बर्ग या बंदराच्या नावावरून आला. एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांबरोबर खिम्याची भाजलेली वडी अमेरिकेत पोचली; ती पावात प्रथम कोणी घातली, यावर विस्कॉन्सिन, न्यूयॉर्क, टेक्सास आणि कनेक्टिकट या राज्यांतील गावे आजही आपापला हक्क सांगतात. १९२१ मध्ये कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात स्वस्त आणि एकसारख्या चौकोनी बर्गरची पहिली साखळी सुरू झाली. पुढे लोकांनी शब्दाची फोड ‘हॅम’ आणि ‘बर्गर’ अशी चुकीची केली आणि त्यातून ‘बर्गर’ हा सुटा शब्द हाती आला. चुकीच्या फोडीतून आलेला हा शब्द आज बटाट्याच्या टिक्कीलाही चालतो. ‘हॉट डॉग’ची वाट वेगळी आहे. तो फ्रँकफर्टच्या लांब सॉसेजचा वारस असून हे नाव १८९० च्या दशकात अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या लिखाणातून रूढ झाले. दोन्ही पदार्थ जर्मन शहरांच्या नावाने निघाले आणि दोन्ही अमेरिकेत पावात शिरले. परंतु एकात मांस कुटून वडी केली जाते, तर दुसऱ्यात आतड्याच्या किंवा तशाच आवरणात भरले जाते. या फरकाने पाहिले, तर इंदुरी हॉट डॉग निःसंशय बर्गरच्या कुळातला ठरतो.

मग नाव चुकले, असे म्हणावे काय? शहरात हा वाद अधूनमधून होतो. नाव बदलावे असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे : परगावचा माणूस सॉसेजच्या अपेक्षेने येतो आणि गोंधळतो. या मुद्द्यात तथ्य असले, तरी त्यामुळे कालक्रम उलटा होतो. इंदुरात बर्गर हा शब्द घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी हॉट डॉग हा शब्द बनमधल्या टिक्कीसाठी पक्का झाला होता. ज्या काळी शहरात दोन्ही विलायती नावांचा मूळ पदार्थ कोणी पाहिलेला नव्हता, त्या काळी एक नाव घेतले गेले आणि दोन पिढ्यांनी ते वापरले. शब्दाचा अर्थ वापरातून ठरतो, हा न्याय ‘बर्गर’ला मिळत असेल, तर तो इंदूरच्या हॉट डॉगलाही मिळायला हवा. इथल्या खाद्यशब्दांची घडीही वेगळी आहे, हे लक्षात घ्यावे. छप्पनलाच ‘पॅटिस’ मागितले, तर खोबऱ्याचे सारण भरून तळलेला बटाट्याचा गोळा, म्हणजे खोपरा पॅटिस, हाती येतो. त्यामुळे बर्गरमधल्या वडीला इथे पॅटी न म्हणता टिक्की म्हणणे हीच सोय आहे.

‘बेंजो’चा उगम अधिक मनोरंजक आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. ब्रिटिश सैन्याच्या बोलीत तळलेल्या अंड्याच्या सँडविचला ‘एग बॅन्जो’ म्हणत. त्यामागची प्रचलित कथा अशी, की चावा घेताच पिवळा बलक गणवेशावर ओघळतो, सैनिक एका हाताने सँडविच कानाजवळ उचलून धरतो आणि दुसऱ्या हाताने छाती पुसू लागतो, तेव्हा तो बॅन्जो हे तंतुवाद्य वाजवत असल्यासारखा दिसतो. भारतीय सैन्यातही हा शब्द टिकून आहे. इंदूरपासून सुमारे २३ किलोमीटरवर महू आहे. होळकर आणि इंग्रज यांच्यात महिदपूरची लढाई डिसेंबर १८१७ मध्ये झाली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर महूची छावणी वसली. त्याच वर्षी होळकरांची राजधानीही इंदुरात आली. होळकरांची राजधानी आणि इंग्रजांची छावणी अशी ही दोन गावे तेव्हापासून शेजारी वाढली. छावणीत पाव भाजणाऱ्या भट्ट्या होत्या, मेसमध्ये अंडी होती आणि त्यांना नावे ठेवणारी सैनिकी बोली होती. बॅन्जोचा बेंजो महूच्या रस्त्याने इंदुरात आला, हाच अर्थ सर्वांत सयुक्तिक वाटतो; कारण सैन्याशी संबंध नसलेल्या शहरात हा शब्द आपणहून उगवण्याचे दुसरे काही कारण दिसत नाही.

मराठी घरांच्या बाजूने या बेंजोला आणखी एक बाजू आहे. राजवाड्याच्या आसपासच्या आणि नंतर वसाहतींत विखुरलेल्या अनेक कुटुंबांत अंडे स्वयंपाकघरात येत नसे. घरी पोहे, साबुदाण्याची खिचडी आणि थालीपीठ. अंडे खायचे असेल, तर ते बाहेर, उभ्याने आणि कागदावर. त्यामुळे कित्येकांच्या आयुष्यातले पहिले अंडे बेंजोच्या रूपाने आले. आज साठीच्या घरात असलेल्या पिढीला या पदार्थाविषयी वाटणारी माया अशा आठवणींतून आली आहे, तिचे कारण केवळ चवीत शोधू नये.

मटणाच्या टिक्कीबद्दलही थोडे स्पष्टीकरण हवे. अमेरिकी बर्गरची वडी गोमांसाची असते, तिच्यात साधारण पाचवा हिस्सा चरबी असते आणि मीठ-मिऱ्याखेरीज तिला काही लागत नाही. तिची स्वतःची प्रथिने आणि चरबी तिला धरून ठेवतात. इंदुरात गोमांसाचा प्रश्न येत नाही, आणि बोकडाचे मांस फार कमी चरबीचे असते. नुसता खिमा थापून तव्यावर टाकला, तर तो कोरडा पडतो आणि फुटतो. म्हणून त्याला शिजवून घेतलेली चण्याची डाळ, अंडे किंवा बटाटा यांचा आधार द्यावा लागतो, आणि मग ती वडी शामी कबाबाच्या वळणावर जाते. भारतीय मटणबर्गर अमेरिकी बर्गरसारखा लागत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते; तिचे उत्तर या पदार्थविज्ञानात आहे. तो कबाबाच्या मापाने मोजला, तर निराशा होत नाही.

देशातील मोठे वळण ऑक्टोबर १९९६ मध्ये आले. एका अमेरिकी साखळीने दिल्लीतील वसंत विहार भागात भारतातले पहिले दुकान उघडले, आणि पाठोपाठ मुंबईत. गोमांसाशिवाय चालणारे त्या साखळीचे जगातले हे पहिलेच दुकान होते. तिथे शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची स्वयंपाकघरे वेगळी केली गेली, मेयोनेझ अंड्याशिवाय तयार केले गेले, आणि काही वर्षांतच बटाट्याची टिक्की घातलेला बर्गर देशभर सर्वांत ओळखीचा झाला. इंदूरकरांना या शोधाचे अप्रूप वाटावे, असे त्यात फारसे नव्हते. बनमध्ये बटाट्याची टिक्की त्यांच्याकडे आधीच दीड-दोन दशके विकली जात होती. नवे होते ते अंड्याविना मेयोनेझ, सगळीकडे एकच चव आणि वातानुकूलित जागा. या शतकाच्या पहिल्या दशकात महात्मा गांधी मार्गावर मॉल उभे राहिले आणि बर्गर हा शब्द शहरात या रूपाने स्थिरावला. २०१४ च्या अखेरीस आणखी एक अमेरिकी साखळी देशात आली. त्यानंतरच्या दहा वर्षांत स्वतंत्र कॅफे वाढले, घरपोच मागवण्याची सोय आली, आणि तव्यावर दाबून कडा कुरकुरीत केलेल्या ‘स्मॅश’ बर्गरचे वेड मोबाइलच्या पडद्यावरून शहरात उतरले.

स्मॅश बर्गरची पद्धत नवी म्हणून खपवली जाते, हे मात्र नोंदवलेच पाहिजे. तापलेल्या लोखंडावर टिक्की दाबायची, पृष्ठभाग खमंग तपकिरी करायचा आणि त्याच तव्यावर बन भाजायचा, हे छप्पनला नेहमीचेच काम आहे. फरक चीजच्या कापात आणि किमतीत आहे.

अलीकडच्या काळात प्रश्न पदार्थाचा कमी आणि जागेचा व वेळेचा जास्त झाला आहे. २०२० च्या सुमारास छप्पन दुकानांचा परिसर नव्याने बांधला गेला आणि समोरचा रस्ता वाहनमुक्त झाला. बसायला जागा झाली, स्वच्छता वाढली. जुन्या गिऱ्हाइकांना मात्र गाडी लावून दुकानासमोर उभ्याने खाण्याची सवय सोडावी लागली. २०२२ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या साडेअकरा किलोमीटरच्या बीआरटीएस (जलद बससेवेसाठी राखीव) मार्गावरची दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्यास परवानगी मिळाली. रात्रपाळीच्या नोकरदारांसाठी आणि वसतिगृहांतील विद्यार्थ्यांसाठी मध्यरात्रीनंतरचा बर्गर तेव्हा प्रथमच रीतसर उपलब्ध झाला. नशा आणि मारामाऱ्यांच्या तक्रारींमुळे २०२४ मध्ये ही परवानगी मागे घेण्यात आली. तक्रारी खऱ्या होत्या. पण त्यांचा बंदोबस्त पोलिसी गस्तीने होण्यासारखा होता. बर्गर, पोहे आणि चहा विकणाऱ्यांना त्यासाठी दुकान बंद करावे लागणे न्याय्य नव्हते.

सराफ्याचा वाद याहून कठीण आहे. दिवसा सोन्याचांदीची पेढी आणि रात्री खाऊची गल्ली, ही सराफ्याची जुनी रीत. गेल्या काही वर्षांत तिथे भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद), दहीवडे आणि मावाबाटी (खव्याची मिठाई) यांच्या शेजारी मोमो, नूडल्स, पिझ्झा आणि बर्गर यांच्या गाड्या वाढल्या. गर्दी आणि आगीचा धोका वाढल्याने सराफ व्यापारी त्रासले, आणि २०२५ मध्ये सराफ्यात पारंपरिक पदार्थांनाच जागा द्यावी, हा विचार जोराने पुढे आला. गराडू पारंपरिक आणि नूडल्स नाहीत, इथपर्यंत कोणाचे दुमत नाही. अडचण मधल्या पदार्थांची आहे. तुपावर भाजलेल्या बनमधली टिक्की चार दशकांहून जास्त काळ या शहरात आहे. तिचे नाव विलायती म्हणून ती परकी ठरवायची, की तिची रीत इथली म्हणून ती आपली मानायची? बटाटा आणि पाव हे दोन्ही पोर्तुगीजांनी आणलेले, तरीही वडापावाला कोणी परका म्हणत नाही. परंपरेची यादी केवळ नाव पाहून केली गेली, तर इंदूरच्या स्वतःच्या बर्गरवर अन्याय होईल. यादी करताना पदार्थ कसा करतात, हे आधी पाहिले जावे.

चांगल्या बर्गरचा शोध घेणाऱ्याने बनपासून सुरुवात करावी. बन बोटाने दाबला, की त्याने हळूहळू पूर्ववत व्हावे. दाबलेला तसाच राहिला, तर तो शिळा किंवा कच्चा असतो. कापलेल्या बाजू भाजलेल्या नसतील, तर चटणी आणि सॉस पावात मुरून तो तळाशी गळतो, आणि मोठ्या नावाच्या दुकानांतही हा दोष सर्रास आढळतो. टिक्की समोर तव्यावर होते, की गोठवलेली येऊन तेलात पडते, हे उभे राहून पाहावे. गोठवलेल्या टिक्कीत बटाटा चिकट लागतो आणि आवरण जाड असते.

घरी करताना माळव्याचा बटाटा मोठी सोय करतो. या भागातल्या बटाट्यात पाणी आणि साखर कमी असल्याने चिप्स करणाऱ्या कंपन्या तो मुद्दाम घेतात. त्याच गुणामुळे टिक्की फुटत नाही आणि तव्यावर लवकर काळी पडत नाही. बटाटे उकडून पूर्ण गार होऊ द्यावेत आणि मगच किसावेत. ब्रेडच्या चुऱ्याऐवजी कोरडे भाजून भरडलेले पातळ पोहे घातले, तर टिक्की आतून मऊ आणि बाहेरून खुसखुशीत होते. वरून जीरावन, म्हणजे पोह्यांवर घालतात तो इंदुरी मसाला, भुरभुरावे. मटणाची टिक्की करायची असेल, तर खाटकाकडून खिमा थोड्या चरबीसह कुटून घ्यावा. त्यात डाळ शिजवून कोरडी करून घालावी, मिश्रण फार मळू नये आणि थापल्यावर मध्ये अंगठ्याने खळगा द्यावा, म्हणजे भाजताना ती मधोमध फुगत नाही. टिक्की उतरवल्यावर तवा पुसू नये. त्याच खमंग तुपावर बनच्या कापलेल्या बाजू दाबून भाजाव्यात.