कोरियन धनुष्य, रानडुक्कर आणि बोथट विळी

आधी एक छोटा हिशोब करू. क्रिकेटचा बॉल साधारण १६० ग्रॅमचा, फास्ट बॉलरने तो ताशी १४० किमीने टाकला तर त्यात सुमारे १२० ज्यूल एनर्जी असते. आता कोरियाचं पारंपरिक धनुष्य घ्या, बाण ३० ग्रॅमचा, स्पीड सेकंदाला ५५ मीटर धरा, एनर्जी येते जेमतेम ४५ ज्यूल. बॉलच्या निम्मी पण नाही! बॉल मांडीवर बसला तर बॅट्समन कळवळतो, जरा चोळतो आणि परत स्टान्स घेतो, आणि इकडे ह्याच ४५ ज्यूलच्या जोरावर कोरियातली माणसं शेकडो वर्षं हरणं, रानडुकरं, झालंच तर वाघसुद्धा मारत होती. कसं काय बुवा?

उत्तर स्वयंपाकघरात आहे. धार गेलेल्या विळीवर टोमॅटो चिरून बघा, साल आत दबत जाते, दबत जाते आणि मग एकदम फचकन रस अंगावर. तीच विळी धार लावून आणली की टोमॅटो नुसता टेकवायचा अवकाश, काप पडलाच. हाताचा जोर तेवढाच, फरक सगळा पात्यात. रायफलच्या गोळीत दोन-तीन हजार ज्यूल असतात, ती आजूबाजूचं मांसही फाडत जाते. बाणाच्या अंगात तेवढा दम नाही, त्याने गपचूप कापत आत जायचं आणि फुफ्फुसं, हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या गाठायच्या. जनावर पडतं ते रक्त गेल्यामुळे आणि फुफ्फुस बसल्यामुळे, धक्क्याने नाही. आणि इथे धारेचं महत्त्व अजून वाढतं कारण रक्तवाहिनी रबरासारखी असते, बोथट पातं आलं की ती बाजूला सरकते, आणि चेंगरून तुटली तर आकसून रक्त लवकर थांबतं. स्वच्छ कापली गेली तर वाहत राहते. म्हणजे बोथट पात्याने मारलेलं जनावर जखमी होऊन लांब पळणार आणि हाल हाल होऊन मरणार. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचा विषयच मिटला आहे, त्यामुळे कुणी गच्चीवर प्रॅक्टिस सुरू करू नका.)

आता धनुष्याकडे येऊ, कारण ते प्रकरण भारी आहे. कोरियन भाषेत त्याला गाकगुंग म्हणतात, म्हणजे शिंगाचं धनुष्य. मधे बांबू, टोकांना तुतीचं लाकूड, आपल्या पोटाकडच्या बाजूला पाणम्हशीच्या शिंगाची पट्टी आणि बाहेरच्या बाजूला जनावराच्या स्नायूबंधाचे तंतू. वाकवल्यावर पोटाकडची बाजू दाबली जाते आणि पाठीकडची ताणली जाते, शिंग दाब झकास सोसतं आणि तंतू ताण सोसतात, म्हणजे ज्याला जे जमतं ते काम त्याला. नुसत्या लाकडाचं एवढं आखूड धनुष्य एवढं ओढलं तर कडकन मोडेल. दोरी काढली की हे धनुष्य उलट्या बाजूला वळून जवळजवळ गोल होतं, पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा मला वाटलं कुणीतरी मोडून ठेवलंय. म्हणजे दोरी चढवतानाच त्यात बराच ताण भरून ठेवलेला असतो, म्हणून जेमतेम सव्वा मीटरचं धनुष्य लांबलचक बाण कानाच्या मागेपर्यंत ओढू देतं.

गंमत म्हणजे कोरियात पाणम्हैस नव्हतीच. शिंगं चीनमधून नाहीतर दक्षिणेकडच्या समुद्रमार्गाने यायची, आणि चीनने हात आखडता घेतला की जोसॉन दरबाराची (कोरियावर पाचशे वर्षं राज्य केलेलं राजघराणं) झोप उडायची, पंधराव्या शतकात तर ऱ्युक्यू बेटांवरून (आजचं जपानमधलं ओकिनावा) जिवंत म्हशी आणून पाळायचाही प्रयत्न झाला. आपल्या पंढरपुरी म्हशीची ती खांद्यामागे जाणारी शिंगं बघून तिथला कारागीर हरखून गेला असता! आणि हे सगळं चिकटवायचं कशाने तर माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेल्या सरसाने. तिकडे त्यासाठी जो मासा वापरतात तो आपल्या घोळीच्याच कुळातला, जिच्या पिशवीला पालघरकडचे कोळी बांधव सोन्याचा भाव घेतात.

बरं, मग मोठ्या जनावरासाठी काय बदलायचं? पहिलं म्हणजे बाण जड. टेबल टेनिसचा बॉल जीव खाऊन फेका, बॉल कुठेच जात नाही आणि खांदा मात्र दुखतो, कारण हाताची ताकद हातातच राहते. हलक्या बाणाचं तसंच होतं, उरलेली एनर्जी धनुष्याच्या दोन्ही बाहूंमध्ये थरथरत बसते. त्याच धनुष्यावर ४० ग्रॅमचा बाण लावला तर स्पीड समजा ४९ मीटरवर येईल, एनर्जी मात्र थोडी वाढून ४८ ज्यूल होते आणि संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, जवळजवळ वीस टक्क्यांनी वाढतो. आत घुसत राहायला हा संवेग कामाला येतो. नर रानडुकराच्या खांद्यावर कूर्चेसारखी जाड चिवट ढाल असते, तिथे हलका बाण म्हणजे वेळेची नासाडी.

दुसरं म्हणजे बाणाचं पातं. आजच्या कोरियन तिरंदाजीच्या मैदानावरच्या बाणाचं नाव युयॉपजॉन, अर्थ विलोच्या पानाचा बाण, वजन परंपरेने ८ ‘दोन’ (‘दोन’ हे कोरियन वजनाचं माप) म्हणजे बरोबर ३० ग्रॅम. नावात पान आहे पण टोक आता बोथट, कारण लक्ष्य लाकडी फळी. विलोचं पान लांबट आणि अरुंद असतं, आणि एनर्जी कमी असेल तर नेमकं असंच पातं हवं. रुंद पातं जखम मोठी करतं पण प्रत्येक सेंटिमीटरला जास्त मांस कापावं लागतं, बाण लवकर थांबतो. तीन-चार पात्यांचं टोक शक्तिशाली कंपाउंड धनुष्याला (कप्प्या लावलेलं आधुनिक धनुष्य) ठीक, इथे दोन धारांचं लांबट पातंच बरं.

ह्यात एक फार खमंग अडचण आहे जी पुस्तकी हिशोबात दिसत नाही. कोरियन धनुष्याला बाण ठेवायला खाच नसते, बाण टेकतो धनुष्य धरलेल्या हाताच्या अंगठ्यावर, आणि ओढायचं उजव्या अंगठ्यात अंगठी घालून. मैदानावरचा बाण पार टोकापर्यंत ओढतात. तिथे बोथट टोकाच्या जागी धारदार पातं लावलं आणि सवयीने तेवढंच ओढलं तर पहिली शिकार आपलाच अंगठा. म्हणून बाणाची काडी दोन-तीन सेंटिमीटर लांब घ्यावी लागते, मग लांब काडी आणि पुढे जड पातं ह्यामुळे बाण सुटताना जास्त लवचतो, म्हणून काडी अजून ताठ हवी, म्हणजे एक बदललं की तीन बदला.

अंतराचंही तसंच. कोरियन मैदानावर लक्ष्य १४५ मीटरवर असतं, बाणाला तिथे पोचायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. तेवढ्यात हरीण चहा पिऊन येईल. २० मीटरवरून मारला तरी बाणाला ०.३६ सेकंद आणि दोरीच्या आवाजाला फक्त ०.०६ सेकंद, म्हणजे ०.३ सेकंद आधी जनावराला बातमी मिळते, दचकून खाली दबायला तेवढं पुरतं.

गोगुर्यो ह्या प्राचीन कोरियन राज्याच्या काळातली मुयोंगचोंग नावाची एक थडग्याची खोली आहे, आता चीनच्या जीआन भागात, साधारण पाचव्या शतकातली. तिच्या भिंतीवर घोडेस्वार हरणांच्या आणि वाघाच्या मागे लागलेत, एक तर मागे वळून नेम धरतोय, आणि बाणांच्या टोकामागे गोळ्यासारखं काहीतरी आहे. ती शिट्टी. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जे होतं तेच, पोकळ गोळ्यातून हवा जाते आणि बाण किंचाळत सुटतो. जोसॉनच्या काळात वाघ मारायला खास सैनिक ठेवले होते, चाखोगाप्सा त्यांचं नाव, आणि जोसॉनचा संस्थापक यी सॉन्ग-ग्ये स्वतः कसलेला तिरंदाज. त्याच्या बाणाचं वर्णन दरबारी इतिहासात आहे, बगळ्यासारख्या क्रौंच पक्ष्याची रुंद पिसं आणि हरणाच्या शिंगाची पेरएवढी शिट्टी. पेर हे फळ बरं का!

आणि एवढं सगळं जमून आलं तरी पावसापुढे कुणाचं काही चालत नाही. माशाचा सरस दमट हवेत सैल पडतो, म्हणून ही धनुष्यं आजही उबदार पेटीत ठेवतात आणि वापरायच्या आधी शेकून घेतात. १३८८ साली यी सॉन्ग-ग्येला मिंग घराण्याच्या चीनवर चाल करून जायचा हुकूम झाला (तेव्हा जोसॉन नव्हतं, तो आधीच्या गोर्यो राज्याचा सेनापती होता), तेव्हा त्याने मोहीम का नको ह्याची चार कारणं दिली होती आणि त्यातलं चौथं होतं की दिवस पावसाळ्याचे आहेत, धनुष्यांचा सरस सुटेल आणि सैन्यात रोगराई पसरेल. दरबाराने ऐकलं नाही. मग चीनच्या सीमेवरच्या यालू नदीतल्या विह्वादो बेटावरून त्याने सैन्यच मागे फिरवलं, सरळ राजधानीवर नेलं आणि चार वर्षांनी स्वतः राजा झाला.