खंदकातला गाळ

इंग्लंडच्या पूर्व भागात, सफक किंवा एसेक्सच्या शेतांमध्ये, अधूनमधून एक चौकोनी चर दिसतो. त्यात कुठे हिरवट पाणी, कुठे नुसती लव्हाळी, आणि मधल्या जागेवर गवताखेरीज काही नाही. तिथे एकेकाळी जमीनदाराचा वाडा होता. खंदकाने वेढलेल्या वाड्यांच्या अशा सुमारे 6000 जागा देशभरात सापडल्या आहेत. त्यातल्या बहुतेक 1250 ते 1350 या शंभर वर्षांतल्या.

खंदक म्हटला की आपल्याला वेढा आणि लढाई आठवते. पण यातले कितीतरी खंदक सैन्याला रोखण्याच्या लायकीचेच नव्हते. चोर आणि मोकाट गुरं अडली तरी पुष्कळ! खरा मुद्दा प्रतिष्ठेचा होता. भिंतीला किल्ल्यासारखे चर्यांचे कंगोरे काढायचे तर रीतसर राजाचा परवाना घेत. खंदक मात्र ज्याच्याकडे जमीन आणि मजूर, तो खणून घेई. वर त्यात मासे पाळता येत, आणि शुक्रवारी मांस वर्ज्य असलेल्या समाजात ही सोय लहान नव्हती. पूर्वेकडे त्यांची दाटी होण्यात तिथल्या चिकणमातीचाही हात आहे. तिच्यात पाणी मुरत नाही, त्यामुळे खणलेला चर आपोआप भरलेला राहतो.

वाडे लाकडाचे, ते गेले. केंटमधल्या आयटॅम मोटसारखे पाण्यासकट उभे असलेले थोडेच. पण संशोधकांचं खरं घबाड खंदकाच्या तळाशी असतं. तिथल्या गाळात ऑक्सिजन जवळपास नसतो, म्हणून लाकूड आणि चामडं कुजवणाऱ्या जीवाणूंचं फारसं चालत नाही. पुलाचे खांब, जोडे, फळांच्या बिया, परागकण, सगळं शतकानुशतकं टिकतं. ओकच्या खांबात वर्तुळं पुरेशी असतील आणि सालीलगतचं शेवटचं वर्तुळ शाबूत असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडलं तेही कळतं. परागकणांवरून आसपास रान होतं की धान्याची शेतं, याचा अंदाज बांधता येतो.

नांगराने सपाट झालेले खंदकही पूर्ण लपत नाहीत. बुजलेल्या चरात माती खोल आणि ओल जास्त, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात तेवढ्या पट्ट्यातलं पीक हिरवं राहतं आणि विमानातून चौकोन उठून दिसतो. झाडीखालचे उंचसखल भाग लेझरने मोजणारं लायडार तंत्र टिपतं.

धोका निचऱ्याचा आहे. शेतासाठी पाणी काढून टाकलं की गाळात हवा शिरते आणि सात शतकं टिकलेलं लाकूड कुजू लागतं. म्हणूनच अनेक खंदक संरक्षित स्मारकं ठरवून न खणताच ठेवले आहेत.