ट्रकचा अपघात धुळ्याकडे झाला म्हणून क्लेमपण तिकडेच? अजिबात नाही

इंदूरच्या आपल्या मराठी घरांमधे वर्षानुवर्ष एक गोष्ट चालत आलीये की अपघात जिथे झाला, क्लेमची केस तिथल्याच कोर्टात. म्हणजे धुळे-नाशिकला लग्नाला निघाले, बिजासन घाट उतरून पुढे महाराष्ट्रात ट्रकने मागून ठोकलं, तर तारखांना धुळ्याच्या चकरा कोण मारणार म्हणून लोक ट्रकमालक देईल ते घेऊन गप्प बसतात. हे ऐकलं की जीव तुटतो हो, घरातला कमावता माणूस गेलेला असतो!

मोटार वाहन कायदा 1988, कलम 166 बघा. अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही राहता किंवा कामधंदा करता तिथे, नाहीतर समोरचा पक्ष राहतो तिथे, कुठल्याही ठिकाणच्या क्लेम ट्रिब्युनलमधे (म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या खास कोर्टात) अर्ज चालतो. इंदूरला राहता तर इंदूरलाच करा. पोलीस तपास मात्र तिकडचंच ठाणं करतं, म्हणून एफआयआरची कॉपी, ट्रकचा नंबर, विमा पॉलिसी आणि दवाखान्याची बिलं सांभाळा.

आणि वकील लवकर गाठा, कायद्यात अर्जाला 6 महिन्यांची मुदत लिहिलीये. ट्रक पळून गेला, नंबरच मिळाला नाही, तरी हिट अँड रनच्या सरकारी योजनेत मृत्यूला 2 लाख, गंभीर जखमेला 50 हजार मिळतात.