बर्डीचा दगड, हरिहरेश्वरचा कडा

नागपूरकर कोकणात उतरला की आधी पाण्याकडे धावतो; कड्याकडे बघतो ते फोटोपुरतं. हरिहरेश्वरला मात्र देवळामागच्या पायऱ्या उतरून प्रदक्षिणेच्या वाटेला लागलात, की तो काळा कातळ जरा नीट बघा. ओळखीचा निघेल. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे तिचा आणि सेमिनरी हिल्सचा दगडही हाच, बसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर पसरत गेला. पश्चिमेला या थरांची जाडी किलोमीटरहून जास्त भरते. नागपूर म्हणजे त्यांची पूर्वेची कड. पुढे कामठीकडे वालुकाश्म लागतो.

मग कडा तिकडेच का? लाट आपटते तेव्हा कातळाच्या भेगेतली हवा कोंडून दाबली जाते आणि लाट मागे सरली की झटक्यात सुटते. वर्षानुवर्षं हे चाललं की भेगा रुंदावतात. शिवाय पाण्यासोबत आलेले गोटे पायथा घासत राहतात. पायथा पोखरला गेला की वरचा भाग कोसळतो आणि नवा उभा कडा उघडा पडतो. असा कडा मागे मागे हटतो नि त्याच्या पुढ्यात सपाट कातळी ओटा उरतो. प्रदक्षिणा आपण त्याच ओट्यावरून घालतो, तीही ओहोटीलाच. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालच्या वेळेवर विसंबू नका, गावात विचारा. पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नका.

कातळावर हात फिरवलात तर खळगेच खळगे लागतील, मधल्या कडा पातळ नि बोचऱ्या. हे काम मुख्यतः मिठाचं. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, उन्हाने पाणी उडून जातं, मागे मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा एकेक कण उचकटून काढतात.

आपल्याकडे ना लाट ना खारा वारा. इथे पावसाचं पाणी दगडाच्या सांध्यांतून आत शिरतं. कोपऱ्याला ते तीन बाजूंनी भिडतं, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी ठोकळे कांद्यासारखे पापुद्रे सोडत गोल होतात. रस्त्यासाठी टेकडी कापलेली असेल तिथे हे छान दिसतं. पुढे त्याचीच कपाशीची काळी माती होते. माझ्या मते हेही कड्याइतकंच बघण्याजोगं आहे, पण त्यासाठी कोणी रिसॉर्ट बुक करत नाही! लाव्हाच्या दोन लोंढ्यांमधल्या काळात इथे तळीसुद्धा साचली होती. त्यांतल्या गोड्या पाण्याच्या गोगलगायींचे जीवाश्म टाकळीला सापडले, आणि १९व्या शतकात त्यांचा अभ्यास केला तो स्टीफन हिस्लॉप यांनी. आपलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.