पान मोकळे, खोली नियमात: ब्रिटनमधील खात आणि स्थानिक परिषदा

अरबीत कात, सोमालीत काद, इथिओपियात चात, केनियात मिरा. इथे ‘खात’ म्हटले आहे, कारण मराठीत कात म्हटले की विड्याचाच कात आठवतो आणि त्याचा याच्याशी काही संबंध नाही. खात म्हणजे एका सदाहरित झाडाचे कोवळे शेंडे. यमन आणि आफ्रिकेच्या शिंगात, म्हणजे सोमालिया-इथिओपियाच्या टापूत, दुपारच्या बैठकीत ते चघळण्याची रीत जुनी आहे. ब्रिटनमध्ये हा व्यापार फोफावला तो 1991 नंतर, सोमालियातील यादवीतून वाचून आलेली कुटुंबे स्थिरावू लागल्यावर.

सगळा धंदा ताजेपणावर उभा होता. पानातले कॅथिनोन हे मुख्य उत्तेजक द्रव्य खुडल्यापासून दोन-तीन दिवसांत विघटित होते आणि त्याहून बरेच सौम्य कॅथीन उरते. म्हणून केनियातल्या मेरू भागातल्या जुड्या केळीच्या पानात गुंडाळून ओलसर ठेवायच्या, त्याच रात्री नैरोबीकडे धाडायच्या आणि पुढच्या विमानाने हीथ्रोला. 2011-12 मध्ये असा सुमारे 2,560 टन माल ब्रिटनमध्ये उतरला.

खरा गुंता शब्दांचा होता. 1971 च्या अमली पदार्थ कायद्यात कॅथिनोन आणि कॅथीन ‘क’ या सर्वांत खालच्या वर्गात होते, पण ती ज्या झाडात असतात ते झाड यादीत नव्हते. पानातून अर्क काढला तर गुन्हा. पान विकले तर रीतसर व्यापार, आणि त्यावर मूल्यवर्धित करही भरायचा. त्यामुळे नगरसेवकाकडे तक्रार आली की स्थानिक परिषदेचे, म्हणजे तिथल्या पालिकेचे, उत्तर ठरलेले असे: पानाला आम्ही हात लावू शकत नाही, खोलीला लावू शकतो.

ही खोली म्हणजे मफरिश. दुकानामागची किंवा तळघरातली बैठक, भिंतीलगत गाद्या, चहाचे थर्मास, खाली सोललेल्या काड्यांचा खच. परिषदेची हत्यारे वेगवेगळ्या कायद्यांतून गोळा केलेली होती. दुकानाचा वापर परवानगीविना बदलला तर नियोजन विभागाची नोटीस. मात्र तोच वापर 10 वर्षे सलग चालला असेल तर कारवाईची मुदत टळलेली. इंग्लंडमध्ये 1 जुलै 2007 पासून बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपान बंद, आणि ते न रोखणाऱ्या चालकाला 2,500 पौंडांपर्यंत दंड. आवाजासाठी 1990 च्या पर्यावरण कायद्याखालची नोटीस.

सर्वांत नेमके कलम चहाचे होते. रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेत लोकांना गरम पेय विकायला 2003 च्या कायद्याने परवाना लागतो. यातून सुटका होती ती खऱ्याखुऱ्या सभासद-क्लबला, आणि तिथे अर्ज व सभासदत्व यांत किमान दोन दिवसांचे अंतर हवे. दारातच नाव लिहून आत घेणारा ‘क्लब’ या कसोटीवर टिकत नाही. तरी हे सारे जागेपुरते. एक खोली बंद झाली तर दुसऱ्या गल्लीत दुसरी उघडायला अडचण नव्हती.

तक्रार करणाऱ्यांत सोमाली बायका पुढे होत्या: नवरा पहाटे घरी येतो, दिवसभर झोपतो, घरखर्चाचे पैसे जुड्यांत जातात. हे दुखणे खरे होते आणि ते हलके लेखणे चूक आहे. पण शासनाच्या तज्ज्ञ सल्लागार मंडळाने 2005 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2013 मध्ये बंदी नको असेच सांगितले. दुसऱ्या वेळी स्थानिक पातळीवर आरोग्यसेवा आणि समाजाबरोबरचे काम यांवर भर दिला. त्याच महिन्यात नेदरलँड्सची बंदी लागू झाली. जुलैमध्ये गृहमंत्र्यांनी सल्ला बाजूला ठेवला. एक कारण असे की शेजारी बंदी असताना ब्रिटन चोरट्या व्यापाराचे केंद्र बनेल. नोव्हेंबरमध्ये संसदीय समितीनेही विरोध नोंदवला. तरी 24 जून 2014 ला खात ‘क’ वर्गात गेले. शेजारच्या देशाची बंदी हे कारण आपल्या गल्लीतल्या माणसाच्या सवयीला लागू पडत नाही. इथे निर्णय घसरला असे आमचे मत आहे.

वैयक्तिक वापरासाठी बाळगल्यास पोलिसांची पायरी अशी: पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा 60 पौंडांचा दंड, तिसऱ्यांदा अटक. विक्रीला 14 वर्षांपर्यंत कैद. मफरिश उघडपणे चालवणे संपले आणि आरोग्यसेवकाला जिथे ओळखीने आत जाता येई ते दारही त्याबरोबर बंद झाले. ताज्या जुड्यांच्या जोडीला आता टपालाने वाळकी पाने येतात, बहुधा चहापत्ती म्हणून नोंदवलेली. त्यात कॅथिनोन थोडेच उरलेले असते, पण कायद्याच्या दृष्टीने तेही खातच.