एक धुरांडं की दोन? ‘दिल्ली’ आणि ‘म्हैसूर’ या जुन्या क्रूझरचा घोळ

नौदलाच्या पहिल्या दशकातला कृष्णधवल फोटो हाती आला की त्यातली मोठी युद्धनौका ‘दिल्ली’ की ‘म्हैसूर’, यावर हमखास घोळ होतो. होणारच. दोन्ही क्रूझर, दोन्ही इंग्रजांनी वापरून झालेल्या, दोन्हींवर सहा इंची तोफा, दोन्हींची लांबी ५५५ फुटांच्या आसपास. आणि आपापल्या काळात दोघीही ताफ्याच्या ध्वजनौका, म्हणजे ताफ्याचा प्रमुख जिच्यावर असतो ती नौका.

फोटोतून ओळखायचं तर धुरांडी मोजा. ‘दिल्ली’ला एकच, चांगलं रुंद. ‘म्हैसूर’ला दोन. धूर किंवा कोन आड येत असेल तर मागची बाजू बघा. ‘दिल्ली’च्या पाठीमागे दोन टरेट (तोफा बसवलेले फिरते बुरूज), पुढेही दोन आणि प्रत्येकात दोन तोफा, म्हणजे एकूण आठ. ‘म्हैसूर’च्या मागे एकच टरेट दिसेल, पुढे दोन, पण प्रत्येकात तीन तोफा, म्हणून नऊ. मुळात तिच्यावरही चार टरेट होते, त्यातला मागचा एक नंतर काढून टाकला.

आता पूर्वायुष्य. ‘दिल्ली’ म्हणजे आधीची ‘अकिलीझ’. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, रिव्हर प्लेटच्या लढाईत, तीन क्रूझरनी ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेला घेरलं, त्यातली ही एक. त्या दिवशी तिचे कप्तान होते एडवर्ड पॅरी; गोळ्याच्या कपच्या पायात घुसून ते जखमी झाले. हेच पॅरी १९४८ मध्ये आपल्या नौदलाचे प्रमुख म्हणून आले. त्याच वर्षी ५ जुलैला त्यांची जुनी क्रूझर भारताच्या नौदलात दाखल झालेली! हा योगायोग कुणी कथेत घातला असता तर संपादकानं ‘पटत नाही’ म्हणून परत पाठवला असता. पुढे त्या लढाईवर इंग्रजांनी १९५६ मध्ये सिनेमा काढला, तेव्हा ‘अकिलीझ’ची भूमिका करायला ‘दिल्ली’च गेली.

‘म्हैसूर’ची कहाणी एवढी गाजलेली नाही, पण जखमा जास्त आहेत. ती आधी ‘नायजेरिया’ होती. ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टाला रसद पोहोचवणाऱ्या ताफ्याबरोबर असताना इटालियन पाणबुडीच्या टॉर्पेडोनं तिला गाठलं, पन्नासहून अधिक खलाशी गेले. तरीही ती तगली. भारतानं ती १९५४ मध्ये विकत घेतली आणि २९ ऑगस्ट १९५७ ला इंग्लंडमधल्या बर्कनहेड इथे तिच्यावर तिरंगा चढला.

खरा फरक मात्र तोफांत नाही, नौकेच्या ‘ब्रिज’वर, म्हणजे जिथून कप्तान हुकूम देतो तिथे, कोण उभं होतं त्यात आहे. ‘दिल्ली’ आली तेव्हा ती ‘एचएमआयएस’, म्हणजे ब्रिटिश राजाच्या नावानं चालणारी भारतीय नौका होती. ‘आयएनएस’ हे बिरूद प्रजासत्ताक झाल्यावरचं. कप्तान इंग्रज, दुय्यम अधिकारी कमांडर आर. डी. कटारी आणि त्यांच्या हाताखाली फर्स्ट लेफ्टनंट एस. एम. नंदा. १९५० मध्ये ए. के. चॅटर्जी तिचे कप्तान झाले आणि क्रूझर पहिल्यांदाच भारतीय हाती आली. त्याच साली जूनमध्ये नेहरू तिच्यावरून इंडोनेशियाला गेले. कटारी, नंदा आणि चॅटर्जी या तिघांनाही पुढे एकच पद मिळालं: नौदलप्रमुख. कटारी एप्रिल १९५८ मध्ये पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. चॅटर्जी १९६८ मध्ये नौदलातले पहिले पूर्ण ॲडमिरल. (‘पहिले प्रमुख’ आणि ‘पहिले ॲडमिरल’ ही गल्लतही नेहमीचीच. कटारी व्हाइस ॲडमिरल होते.)

‘म्हैसूर’वर शिकवायला इंग्रज कप्तान लागला नाही. पहिल्या दिवसापासून कप्तान नंदा. आणि ही गोष्ट १९५७ ची, म्हणजे नौदलाचा प्रमुख अजून इंग्रजच असतानाची. म्हणून मला विचाराल तर टप्पा म्हणून ‘म्हैसूर’चं वजन जास्त, नाव मात्र ‘दिल्ली’चं झालं.

गोवामुक्तीच्या आठवणींत तर दोघींची सरमिसळ ठरलेली. डिसेंबर १९६१ मध्ये ‘दिल्ली’ होती दीवपुढे, तिथल्या पोर्तुगीज ठाण्यांवर तोफा डागत. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर होती ‘म्हैसूर’, सोबत ‘त्रिशूल’. १८ डिसेंबरला या दोन नौकांवरचे खलाशी बेटावर उतरले, गोळीबारात सात जण कामी आले. दुसऱ्या दिवशी बेट हाती आलं. १९७१ मध्ये पश्चिमी ताफ्याची ध्वजनौकाही ‘म्हैसूर’च होती. तेव्हा नौदलप्रमुख होते तिचे पहिले कप्तान नंदा, ज्यांचं बालपण कराची बंदरालगतच्या ‘मनोरा’ नावाच्या बेटावर गेलं होतं.

‘दिल्ली’ १९७८ मध्ये निवृत्त झाली. तिचा एक टरेट न्यूझीलंडला भेट दिला गेला, कारण ‘अकिलीझ’वर त्यांचे खलाशी लढले होते; तो ऑकलंडच्या नौदल तळावर आहे. ‘म्हैसूर’ १९८५ पर्यंत चालली.

आणि बातम्यांत आज ‘आयएनएस दिल्ली’ किंवा ‘आयएनएस म्हैसूर’ वाचाल, त्या या नव्हेत. त्या विनाशिका आहेत, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. ‘दिल्ली’ १९९७ ची, ‘म्हैसूर’ १९९९ ची.